एकची पाटी

सामना चारचा होता, पण काकू अकरालाच फळ्यामागच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. खोली आपली म्हणायची. दोन हात रुंद, आठ हात लांब, पुढे फळा, मागे पत्रा, आणि वर चढायला लोखंडी शिडी. लेकीने सकाळी फोनवर बजावलं होतं, "आई, त्या शिडीवर चढायचं वय राहिलं नाही तुझं." काकू म्हणाल्या, "बरं," आणि चढल्या.

या मैदानावर गोलांचा आकडा अजून हाताने बदलत. पत्र्याच्या पाट्या, वरच्या बाजूला दोन भोकं, फळ्यावर दोन हूक. आपल्या संघाच्या पाट्यांवर लाल आकडे, पाहुण्यांच्या पाट्यांवर निळे. रंगवल्या होत्या काकूंच्या नवऱ्याने. एकतीस वर्षं त्याने त्या लावल्या आणि काढल्या. तो गेल्यावरच्या पहिल्याच सामन्याला काकू डबा घेऊन निघायच्या सवयीने निघाल्या, खोलीत कोणी नाही हे पाहून त्यांनी स्वतःच शून्य लावलं, आणि त्याला आता नऊ वर्षं झाली. क्लबने त्यांना नेमलं नव्हतं, त्यामुळे काढायचाही प्रश्न आला नव्हता.

एकेकाळी आपल्या तीनच्या पाटीचा रंग हाताळून उडायचा आणि दर दोन वर्षांनी आकडा गिरवावा लागायचा. चारची पाटी पाहुण्यांना दाखवायला काढावी तशी वर्षातून दोनदा तरी निघायची. आता तीनपासून पुढच्या सगळ्या पाट्या नव्या कोऱ्या दिसत. शून्य मात्र उन्हाने विटलं होतं. घरच्या मैदानावर गेल्या सात सामन्यांत संघाने एकही गोल केला नव्हता.

आजचा सामना वर्षातला शेवटचा. हरले तर संघ खालच्या श्रेणीत जाणार होता. खालच्या श्रेणीत गेला की एवढं मोठं मैदान परवडणार नाही, मग सामने शाळेमागच्या मैदानावर होतील, असं चिटणीसांनी सांगून टाकलं होतं. काकूंनी विचारलं होतं, "तिथं फळा कुठे आहे?" चिटणीस म्हणाले, "फळ्याकडे बघतंय कोण हल्ली? सगळे मोबाईलवर बघतात." तेव्हापासून काकू खोलीतून निघताना कडी दोनदा लावून बघत.

सवयीप्रमाणे त्यांनी ट्रंक उघडून पाट्या पुसायला घेतल्या. आधी शून्य, मग एक. नवऱ्याचा दंडक होता: शून्य फळ्यावर चढलं की एकची पाटी मांडीवर आली पाहिजे. "गोल झाल्यावर जो पाटी शोधत बसतो," तो म्हणायचा, "त्याला गोल होईल असं वाटलेलंच नसतं." काकूंनी शून्य पुसलं. खाली दोन निघाला. मग तीन. त्यांनी सगळ्या पाट्या काढल्या, ट्रंक उपडी केली, फळ्याच्या फटीत हात घालून पाहिला. पाहुण्यांची एकची पाटी जागेवर होती. आपली नव्हती.

काकू शिडी उतरून मैदानाच्या फाटकाजवळच्या केशकर्तनालयात गेल्या. सामन्याच्या दिवशी सगळ्या काळज्या तिथेच जमत. न्हावी कात्री पुसत होता आणि काकूंचे धाकटे दीर खुर्चीत बसले होते. ते पोस्टातून निवृत्त झालेले, दाढी करून घ्यायला म्हणून येत आणि दाढी न करताच उठत.

"या काकू," न्हावी म्हणाला. "हिशेब सांगतो. बरोबरी झाली तरी तरतो आपण. जिंकायची गरज नाही."

"जिंकायची गरज आपण कधी ठेवलीय," दीर म्हणाले.

"गोलकीपरचा अंगठा सुजलाय," न्हावी पुढे म्हणाला. "परवा केस कापायला आला, तर डाव्या हाताने दार उघडलं. मी काही बोललो नाही. आणि पुढच्या फळीतला तो उंच माणूस. त्याला विचारलं, का रे बाबा, होत का नाही गोल? म्हणाला, मला बॉलच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या फळीतला आला. तो म्हणाला, त्याला दिला तर तो घालवतो."

"मग खरं कोण बोलतंय?" काकूंनी विचारलं.

"दोघंही. तीच तर काळजी आहे."

"कोच म्हणतात मैदान उंचसखल आहे," दीर म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," काकू म्हणाल्या. "पाहुणे त्याच मैदानावर खेळून तीन-तीन घालून जातात. भाऊजी, आपली एकची पाटी सापडत नाहीये."

न्हाव्याची कात्री थांबली. दीर आरशात स्वतःकडे बघत राहिले.

"सापडेल," ते म्हणाले. "जाते कुठे?"

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि भाऊजींनी गळ्यापर्यंत बटणं लावून कोट घातला होता. शिवाय खुर्चीला पाठ न टेकता ते ताठ बसले होते, आणि हा माणूस पोस्टाच्या खिडकीतसुद्धा कधी ताठ बसला नव्हता.

"पाठ धरलीय का यांची?" न्हाव्याने विचारलं. "सकाळपासून असेच बसलेत."

काकूंनी पुढे होऊन बोटाच्या पेराने भाऊजींच्या पाठीवर टकटक केली. पत्रा वाजला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काकू म्हणाल्या. "काढा."

"वहिनी, आधी ऐकून घ्या."

"काढा, मग ऐकते."

"नाही काढत. सात सामने तुम्ही ही मांडीवर घेऊन बसलात. झाला गोल? त्या पोरांना वर बघितलं की दिसतंय, म्हातारी वाट बघत बसलीय. कसे होतील गोल? म्हणून मागच्या सामन्यानंतर तुम्ही झाडू मारत होतात तेव्हा मी काढून घेतली."

"माझ्या मांडीने गोल अडत नाहीत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला."

"मग आज एकदा कावळ्याला उठवून बघू."

न्हावी हसायचा राहिला, कारण कोणीच हसलं नाही.

"तुमच्या भावाने एकतीस वर्षं हेच केलं," काकू म्हणाल्या.

"दादाच्या वेळी पुढच्या फळीत माणसं होती." मग आवाज खाली आणून भाऊजी म्हणाले, "तुमची ती खोली जाऊ नये म्हणूनच केलंय, वहिनी. मला काय, मी शाळेमागेही बसेन."

काकू बाकावर टेकल्या. हात पुढे केला असता तर भाऊजींनी पाटी दिली असती, हे त्यांना ठाऊक होतं. वहिनीला नाही म्हणून त्यावर टिकायची त्यांची छाती आजवर झाली नव्हती. पण पाटी घेतली, मांडीवर ठेवली आणि आठव्यांदाही गोल झाला नाही, तर? मग खोली आपल्याच हाताने गेली म्हणायची. हा विचार नऊ वर्षांत त्यांच्या मनाला शिवला नव्हता. आज शिवला आणि जाईना.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "पण शिडीजवळ येऊन बसा. गोल झाला तर हातात द्यायला."

"जागा बदलू? शेवटच्या सामन्याला?" भाऊजींना खरोखरच धक्का बसला. चाळीस वर्षं ते समोरच्या टोकाला, खांबाशेजारी बसत. "वहिनी, काहीतरीच काय बोलता."

चार वाजता काकूंनी दोन्ही बाजूंना शून्य लावलं आणि रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसल्या. मध्यंतरापर्यंत काही झालं नाही. गोलकीपरने दोन चेंडू डाव्या हाताने आणि एक पोटाने अडवला. पुढच्या फळीतल्या उंच माणसाला चेंडू मिळाला नाही, आणि एकदा मिळाला तो त्याने घालवला.

एकाहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. उंच माणूस मधल्या फळीतल्याला काहीतरी सुनवायला मागे वळला होता. चेंडू त्याच्या पाठीवर आदळला आणि आत गेला. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा झालं काय म्हणून तो वळला.

सगळं मैदान उठून उभं राहिलं. काकूही उभ्या राहिल्या, आणि सवयीने खाली हात घातला तर हातात काही आलं नाही. समोरच्या टोकाला भाऊजी निघालेले दिसले. जो तो त्यांना मिठी मारत होता. मिठी मारणाऱ्याच्या हाताला पत्रा लागला की तो दचकून मागे सरे आणि भाऊजी दोन पावलं पुढे येत. गुडघा दुखरा असल्याने प्रत्येक पायरी ते आधी बघत आणि मग उतरत. फळ्यावर शून्य-शून्य होतं. लोक फळ्याकडे बोटं दाखवू लागले.

भाऊजी अर्ध्यावर आले होते तेव्हा पाहुण्यांनी बरोबरी साधली.

निळी एकची पाटी काकूंच्या हाताशीच होती. त्यांनी ती उचलली आणि तशीच धरून ठेवली. आता ही लावली तर फळा सांगणार, आपण एका गोलाने मागे. आपली पोरं वर बघतील आणि सामना सोडून देतील. खालून पाहुण्यांकडचा एक माणूस ओरडत होता, "ओ आजी, गोल झालाय."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "बघत होते मी."

चाळीस वर्षांत त्या फळ्याने पहिल्यांदाच जाणूनबुजून खोटं सांगितलं, आणि तीन मिनिटं सांगत राहिला. काकूंनी मनाशी म्हटलं, शून्य-शून्य काय आणि एक-एक काय, बरोबरी ती बरोबरी.

भाऊजी शिडीखाली पोचले आणि त्यांनी कोटातून पाटी काढून वर केली. ती पाठीच्या उबेने गरम झाली होती. काकूंनी आधी लाल एक लावला, मग निळा. आपला संघ पुढे होता ती पाच मिनिटं फळ्यावर कधी आलीच नाहीत.

आता परत जाण्यात अर्थ नव्हता. भाऊजी शिडीच्या खालच्या पायरीवर मैदानाकडे पाठ करून बसले. वर काकू पत्र्याच्या भिंतीवरचे खिळे मोजत होत्या. चौदा खिळे होते. ते त्यांचे सात वेळा मोजून झाले तेव्हा शेवटची शिट्टी वाजली आणि न्हावी धावत आला. "तरलो," तो म्हणाला, आणि फाटक्या छत्रीसारखा मिटून जमिनीवर बसला.

काकूंनी पाट्या उतरवून पुसायला घेतल्या.

"बघितलंत?" भाऊजी खालून म्हणाले. "हातात नव्हती म्हणून झाला."

"हातात असती तर वेळेवर लागली असती. आपण पुढे आहोत हे पोरांना दिसलं असतं, आणि पाहुण्यांनी लगेच घातला नसता."

यावर भाऊजींनी बराच विचार केला. लोक निघून गेले, फाटकाचं एक दार लागलं.

"पुढच्या वर्षी असं करू," ते म्हणाले. "पहिला अर्धा तुमच्याकडे, दुसरा माझ्याकडे."

"आणि मध्ये घेऊन कोण जाणार?"

"मध्यंतरात मी येईन की."

"गुडघा?"

"पंधरा मिनिटं असतात, वहिनी. मला आठ लागतात."

काकूंनी लाल एकची पाटी सगळ्यांत वर ठेवली, ट्रंक बंद केली आणि कडी लावली. ती एकदाच लावली.