दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे

मुलांनो, अशी एक खोली डोळ्यांसमोर आणा, जिच्या भिंतींवर जाड लोकर ठोकली आहे आणि जिथे बोललेला शब्द तोंडातून निघताच विरून जातो. खोलीत एक खुर्ची. खुर्चीत एक बाई, पायांत घरातल्या सपाता, डोळे मिटलेले, डोक्यावर हेडफोन. समोर काळी तबकडी फिरते आहे. बाईशेजारी स्टुलावर तुम्ही बसला आहात, तुमच्याही कानांवर हेडफोन आहे. हलायचे नाही. खोकायचे नाही. जमेल?

नऊ वर्षांच्या वेन्दुलाला ते जमत नव्हते.

"आजी, पाय आखडला."

ब्लाझेनाबाईंनी सुई उचलली. "कुठला?"

"दोन्ही."

"मग दोन्ही झटक आणि पुन्हा गप बस. आज घाई आहे बाळा."

शाळेच्या मुख्याध्यापकांनी मधेच एक दिवस सुटी देऊन टाकली होती, आणि वेन्दुलाच्या आईला कामावरून निघता येत नव्हते. म्हणून पोर आजीबरोबर कारखान्यात आली होती. मोराव्हिया प्रांतातल्या त्या छोट्या गावात गाण्याच्या रेकॉर्डी साच्यात दाबून काढण्याचा तेवढा एक कारखाना होता. ब्लाझेनाबाईंनी चौदा वर्षे खाली यंत्रांच्या दणदणाटात काढली होती आणि पुढची सतरा या खोलीत.

त्यांचे काम सांगायला सोपे होते. नव्या साच्यातून पहिल्या तीन तबकड्या निघाल्या की त्या वर यायच्या. खट्ट असा आवाज एकीतच आला, तर ती धूळ. तिन्हींत त्याच जागी आला, तर खोट मुळात आहे. मग यंत्र बंद आणि साचा मोडीत. ब्लाझेनाबाईंची सही झाल्याशिवाय चौथी तबकडी निघत नसे.

आजची रेकॉर्ड 'स्लेपे रामेनो' नावाच्या बँडची होती. चार निरनिराळ्या बँडमधले चार नावाजलेले गडी पन्नाशीला पोचल्यावर एकत्र आले होते आणि ही त्यांची पहिलीच रेकॉर्ड. हिवाळ्यापासून लोक तिची वाट बघत होते. आज गुरुवार. शनिवारी ब्रनो शहरात त्यांचा कार्यक्रम होता, आणि तिथे तीन हजार रेकॉर्डी पोचायच्या होत्या. तबकड्या निघतील तशा भरून न्यायला ट्रक सकाळपासून फाटकात उभा होता.

फोन वाजला. व्यवस्थापक कोउकाल होते. "ब्लाझेनाबाई, झाली का सही?"

"शेवटचं गाणं राहिलंय, साहेब."

"लवकर उरका. तो ड्रायव्हर माझं डोकं खातोय."

दुसऱ्या बाजूचे पाचवे गाणे सुरू झाले. गिटार, मागून ढोल, मग त्यांच्या गायकाचा, ओताकारचा, तो जाडाभरडा आवाज. वेन्दुलाने तोंड वाकडे केले आणि हेडफोन काढून टाकला.

"आजी, ते बंद कर ना."

"काय?"

"ती शिट्टी. डासासारखी. पण डास मधे मधे थांबतो तरी. ही थांबतच नाही."

ब्लाझेनाबाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. गिटार. ढोल. ओताकार. बाकी काही नाही. तरी त्यांनी पोरीला खोटे पाडले नाही.

कारण त्यांना ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी घराच्या खिडकीत बसणाऱ्या पक्ष्याची चोच हलताना दिसली होती आणि आवाज आला नव्हता. कारखान्यात दर वर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोक्यात बसायचे आणि आवाज आला की बटण दाबायचे. नर्सबाईंचा अंगठा समोरच्या काचेत दिसायचा. तो हलला की ब्लाझेनाबाई बटण दाबायच्या. दोनदा तशाच पास झाल्या होत्या. पेन्शनला तीन वर्षे राहिली होती, आणि या खुर्चीवर त्यांचा जीव होता.

"चल, नीट काम करू," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड कर. शिट्टी सुरू झाली की हात वर, थांबली की खाली. मला बरं वाटावं म्हणून हात वर करायचा नाही. ऐकू आलं नाही तर नाही म्हणायचं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

शेवटचे वाक्य बोलताना त्यांची जीभ जरा अडखळली.

पहिली तबकडी. पाचवे गाणे लागताच हात वर गेला, गाणे संपताच खाली आला. दुसरी तबकडी, तसेच. मग त्यांनी न सांगता भलतेच गाणे लावले. हात मांडीवरच राहिला. तिसऱ्या तबकडीचे पाचवे गाणे लावले. हात वर.

"आता वळू का?" वेन्दुलाने विचारले.

"थांब जरा."

समोर कार्ड होते. खाली सही ठोकली असती तर कुणी विचारायला आले नसते. फोन पुन्हा वाजला, वाजत राहिला. ब्लाझेनाबाईंनी तो उचलला नाही. त्यांनी लिहिले: दुसरी बाजू, पाचवे गाणे, अथपासून इतिपर्यंत बारीक शिट्टी, तिन्ही तबकड्यांत. ऐकणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. तिथे त्यांनी नातीचे नाव लिहिले.

"वळ आता."

थोड्याच वेळात कोउकाल साहेब धडधडत वर आले. मागे खुद्द ओताकार होता, पहिली रेकॉर्ड हातात घ्यायला ब्रनोहून आलेला. पिकल्या केसांची मागे बांधलेली शेपटी, बूट दाराबाहेर काढलेले, मोज्यातून अंगठा बाहेर. दोघांनी आळीपाळीने हेडफोन लावला.

"मला तर काही ऐकू येत नाही," कोउकाल म्हणाले. "तुम्हाला?"

"छे."

"पोरीला खेळ सुचलाय. ब्लाझेनाबाई, तुम्ही तरी..."

"खेळ नाही. मी तिला उलटसुलट पारखलंय."

"तुम्हाला ऐकू आली का शिट्टी?"

"नाही."

"मग?"

"मला बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत, साहेब. दोन वर्षं झाली. तपासणीत मी नर्सबाईंचा अंगठा काचेत बघून बटण दाबत होते."

कोउकाल खोलीत दोन पावले गेले, परत आले. त्या खोलीत येरझारा घालायलाही जागा नव्हती.

ओताकार वेन्दुलासमोर उकिडवा बसला. "कशी आहे गं शिट्टी? सांग बघू."

"आमच्या पणजीकडे जुना टीव्ही आहे ना, काका, मागून जाडा असलेला. त्याचा आवाज बंद केला तरी तो किंचाळतो. तशी."

ओताकार हळूहळू जमिनीवरच बसला.

"हॉकी," तो म्हणाला.

"काय हॉकी?" कोउकाल वैतागले.

"हे एकच गाणं आम्ही रानातल्या घरात रेकॉर्ड केलं. तेव्हा बर्फावरच्या हॉकीची जागतिक स्पर्धा चालू होती आणि आमच्या ढोलवाल्याला सामना सोडवेना. म्हणून तिथला जुना टीव्ही आवाज बंद करून भिंतीशी चालूच ठेवला होता."

"आणि चौघांत एकालाही ऐकू आलं नाही?"

"तीस वर्षं ढोलाशेजारी उभे आहोत. चौघांचे मिळून दोन कान धड निघायचे नाहीत. आणि ज्यानं ध्वनिमुद्रण साफ केलं तो तर आमच्याहून म्हातारा."

"सामना तरी जिंकलो होतो का?"

"हरलो."

कोउकालांनी घड्याळ पाहिले. "राहू दे मग. तुमचे ऐकणारेही तुमच्याच वयाचे. कुणाला कळतंय?"

ओताकारने वेन्दुलाकडे पाहिले. "त्यांच्या घरात पोरं असतील," तो म्हणाला. "नको. पुन्हा साफ करू, पुन्हा कोरू. शनिवारी नुसतं वाजवू."

तो मोज्यांतल्या पावलांनी खाली गेला. थोड्या वेळाने ट्रक रिकामाच फाटकातून बाहेर पडला.

कोउकाल दारातच उभे होते. "ब्लाझेनाबाई, सोमवारपासून तुम्हाला..."

"रेकॉर्डी पाकिटांत भरायला खाली बसते."

"पुढच्या तपासणीत काय निघतंय ते बघू की."

"तपासणी कशाला, साहेब? सांगितलं ना मी."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "त्यांच्या नव्या तबकड्या येतील तेव्हा एकदा या," ते म्हणाले. "हिला घेऊन. ही शिट्टी तपासायला मी दुसरं कुणाला बसवू?"

अकरा दिवसांनी, शाळा सुटल्यावर, दोघी वर आल्या. दिवसभर पुठ्ठ्याची पाकिटे हाताळून ब्लाझेनाबाईंच्या बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या. त्यांनी नातीला खुर्चीत बसवले आणि एकामागून एक तिन्ही तबकड्या लावल्या. वेन्दुला डोळे मिटून बसली. हात एकदाही वर गेला नाही.

"नाही आजी. गेली."

"नक्की?"

"नक्की."

ब्लाझेनाबाईंनी कार्ड भरले. तिसरी तबकडी अजून फिरत होती, गाणे निम्म्यावर आले होते. त्यांनी आपला हेडफोन नीट बसवला, मान कलती केली आणि मग विचारले, "शिट्टीबरोबर झांजाही पुसल्या गेल्या नाहीत ना गं? मला जाड तेवढंच ऐकू येतं."

"आहेत की. खूप आहेत."

"कुठे कुठे?"

वेन्दुलाने थोडा विचार केला. मग तिने आजीचा हात ओढून आपल्या मांडीवर उताणा ठेवला, पुन्हा डोळे मिटले, आणि जिथे जिथे झांज वाजली तिथे तिथे, गाणे संपेपर्यंत, त्या तळव्यावर एका बोटाने हलकेच ठोका देत राहिली.