मालकाच्या कॉलरवरचा कान

मित्रांनो, मला तोंड नाही. आहे तो एक कान, तोही वाटाण्याएवढा. पाठीला चिमटा, डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी, पोटात इवलीशी बॅटरी आणि तिच्यावर एक हिरवा दिवा. शर्टाच्या कॉलरला लावतात तो मी माइक. आता जुना झालो आहे. माझा मुक्काम एका कारखान्यातल्या टेबलाच्या खणात असतो, सुटे रिव्हेट आणि वाळलेला डिंक यांच्या शेजारी. तोंड नसलेल्याने गोष्ट कशी सांगावी, असं तुम्ही विचाराल. पण ऐकलेलं इतकं साठलं आहे की आता ते खणात मावत नाही.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने केसाएवढी तार माझ्या पोटात जोडली, मला ओठांजवळ धरलं आणि विचारलं, "ऐकू येतंय का?" माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. पुढे आयुष्यभर मला हेच विचारलं गेलं. विचारणारा उत्तरासाठी कधी थांबला नाही. समोर पडद्यावरची रेघ हलली की त्याचं समाधान होई.

मी एकटा जन्मलो नाही. मला एक जोडीदार आहे. तो फोनला चिकटून बसतो. मी ऐकतो आणि तो ते फोनमध्ये साठवतो. तो जवळ नसेल तर मी ऐकलेलं सगळं हवेत विरून जातं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आम्हाला विकत घेतलं एका पुतणीने, तिच्या काकांसाठी. काकांचा अॅल्युमिनियमच्या घडीच्या शिड्यांचा कारखाना होता. कामगार त्यांना मालक म्हणत, म्हणून मीही मालकच म्हणतो. त्या वेळी मालकांच्या नाकातोंडात पाणी जात होतं. एका मोठ्या कंपनीच्या स्वस्त शिड्यांनी दुकानं भरून गेली होती. शेडमधली निम्मी यंत्रं झाकून ठेवलेली होती आणि मालक त्या झाकलेल्या यंत्रांकडे पाहत चहा गार करत बसत.

"काका, शिडी सगळ्यांची सारखीच दिसते," पुतणी म्हणाली. "लोकांना तुम्ही दिसले पाहिजेत."

"मला बघून कोण शिडी घेणार? आरशात मीच मला फार वेळ बघत नाही."

पण बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी मला कॉलरला लावून घेतलं. पहिल्या दिवशी मालकांची पार ततपप झाली. पाठ केलेलं भाषण घशात अडकलं. छातीची धडधड मला इतकी मोठ्याने ऐकू येत होती की त्यांचे शब्द त्यात बुडून गेले. शेवटी पुतणी म्हणाली, "जाऊ द्या भाषण. रोज जे करता ते करा."

मालक रोज काय करत? एका खेपेला तयार झालेल्या शिड्यांना तिथे लॉट म्हणतात. लॉट गाडीत चढण्याआधी मालक त्यातली कुठलीही एक शिडी ओढून उघडत, अगदी वरच्या पायरीवर जात आणि तिथे उडी मारत. खिशातला किल्ल्यांचा जुडगा खळकन वाजला पाहिजे, एवढ्या जोराची उडी. त्यांच्या वडिलांनीही हेच केलं होतं. शिडी हलली, कुरकुरली, की सगळा लॉट परत शेडमध्ये.

त्या दिवशी त्यांनी तेच केलं. किल्ल्या वाजल्या. मालक वरून हसून म्हणाले, "वाजल्या? म्हणजे शिडी पास!"

मित्रांनो, एवढाच तो व्हिडिओ. पण तो वणव्यासारखा पसरला. बिजागरी कशी तपासावी, शिडी भिंतीला किती तिरकी लावावी, असं मालक बोलत गेले आणि लोक ऐकत गेले. त्यांनी कुणाचं सोंग आणलं नव्हतं. दुकानदारांचे फोन येऊ लागले. झाकलेली यंत्रं उघडली. मला रोज मऊ फडक्याने पुसत. माझे ते दिवस सोन्याचे होते.

मग सल्लागार बाई आल्या. मोठमोठ्या उद्योजकांचा सोशल मीडिया त्या सांभाळत. त्या हुशार होत्या आणि त्यांचं बरंचसं खरंही होतं. "लोक कंपनीच्या मागे येत नाहीत, माणसाच्या मागे येतात," त्या म्हणाल्या. "पण शिडीवर किती दिवस बोलणार? आता तुम्ही म्हणजेच ब्रँड. तुमची सकाळ, तुमचं अपयश, तुमची शिस्त, हे लोकांना द्या. आणि एक दिवसही चुकवू नका. थांबलात की विसरले."

तो शेवटचा शब्द मालकांच्या छातीत रुतला. मी ऐकला तो रुतताना.

माल बांधायच्या खोलीत स्टुडिओ उभा राहिला. पांढरा पडदा, गोल दिवा, आणि मध्ये घासूनपुसून लखलखीत केलेली एक शिडी. रोज तीच शिडी. मालक तिच्यावर रेलून सांगू लागले, पहाटे उठा, सूर्याच्या आधी उठा. पहिल्यांदा तो व्हिडिओ पाहिला तेव्हा त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, तुम्हाला आठ वाजता पांघरूण ओढून उठवते मी! सूर्य काय तुमच्यासाठी दुपारी उगवतो?" मालक हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेवरच बोलले, कारण त्या व्हिडिओला सगळ्यांत जास्त लोक आले होते.

लोकांना उडी मात्र हवी असे. मग अधूनमधून ते त्या लखलखीत शिडीवर चढत. पण किल्ल्यांचा आवाज माझ्या अगदी जवळ होई आणि बोलणं फाटे.

"काका, किल्ल्या काढून ठेवा," पुतणी म्हणाली. "खळखळ मी नंतर घालते."

त्या दिवसापासून मालकांच्या खिशात किल्ल्या वाजायच्या थांबल्या. व्हिडिओत वाजत होत्या, तो जुना साठवलेला आवाज होता.

एका सकाळी फोरमन दारात आला. "मालक, नवा लॉट उभा आहे. चढताय ना?"

"आत्ताच चढलो की."

"ती स्टुडिओतली."

"अरे हो. संध्याकाळी बघू."

संध्याकाळी एका वाहिनीला मुलाखत होती. विषय होता, विश्वास कसा कमवावा. गाडीवाला खोळंबला होता, दुकानांचे फोन वाजत होते. लॉट तसाच निघून गेला. त्या लॉटमध्ये बिजागरी जोडणारे रिव्हेटचे खिळे आखूड आले होते. एका उडीत ते कळलं असतं.

पुढचं फार वेगाने घडलं. कुठल्याशा इमारतीच्या जिन्यात एक रंगारी छताला रंग देत होता. बिजागरी निसटली, शिडी मिटली आणि तो खालच्या वळणापर्यंत कोसळला. पाठीचा कणा दुखावला. पाय हलतील की नाही, डॉक्टर सांगेनात. तुटलेल्या शिडीचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि त्याला शेपूट म्हणून मालकांचं हसू जोडलं: "वाजल्या? म्हणजे शिडी पास!"

ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच आपटलं. पुतणी एकेक शेरा वाचत होती आणि मध्येच वाचायची थांबत होती.

सल्लागार बाई वकिलांना घेऊन आल्या. "माफीचा व्हिडिओ आजच गेला पाहिजे," त्या म्हणाल्या. वकील म्हणाले, "दुःख व्यक्त करा. चूक कबूल करू नका. तपासणीचा विषयच नको."

मला पुन्हा कॉलरवर चढवलं. "ऐकू येतंय का?" कुणीतरी विचारलं.

"झालेल्या घटनेने मला अतिशय वेदना..." मालकांनी सुरुवात केली.

"'वेदना'नंतर थांबा," बाई म्हणाल्या. "खाली बघा. मग वर. पुन्हा."

पुन्हा. आणि पुन्हा. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यात गोल दिवा चमकला म्हणून तो तुकडा टाकून दिला. पुढच्या वेळी पाणीच आलं नाही. प्रत्येक वेळी छाती जास्त जोरात धडधडत होती आणि आवाज जास्त गुळगुळीत होत होता. एवढा मोठा आवाज एवढ्या छोट्या कानाने कसा पेलला, माझं मला माहीत.

"दादा, आता फक्त थोडं..." बाई म्हणाल्या.

मालक उठले. टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या आणि गाडीत जाऊन बसले. मी कॉलरवरच राहिलो. माझा जोडीदार मागे स्टुडिओत, पुतणीच्या फोनला चिकटलेला. म्हणजे मी ऐकत होतो, पण ते कुठेच साठत नव्हतं.

इस्पितळाच्या लांब बोळात रंगाऱ्याची बायको बाकावर बसली होती. हातात नवऱ्याच्या चपला. मालक तिच्यासमोर उभे राहिले आणि पुन्हा त्यांची ततपप झाली. अगदी पहिल्या दिवसासारखी.

"ताई, मी... शिडी आमची..."

तिने वर पाहिलं. तिची नजर कॉलरवर, माझ्यावर थांबली.

"हे काय आहे?"

मालकांनी कॉलर चाचपली. "हे... काढायचं राहिलं, ताई. बंद आहे."

"दिवा लुकलुकतोय." ती उभी राहिली. "रेकॉर्ड करताय? माझा नवरा आत आडवा पडलाय आणि तुम्ही शूटिंगला आलात?"

मित्रांनो, मी जीव तोडून ओरडायला हवं होतं, की नाही हो, जोडीदार इथे नाही, यातलं काहीसुद्धा साठत नाही! पण मला तोंड नाही. मालकांनी मला हिसकून ओढलं. शर्टाचं बटण तुटून फरशीवर घरंगळत गेलं.

"कोण आहे गं?" आतून आवाज आला.

"शिडीवाले."

"येऊ दे आत."

रंगारी छताकडे बघत पडला होता. मान वळवता येत नव्हती. "तुमचा तो किल्ल्यांचा व्हिडिओ बघूनच घेतली शिडी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "मीपण तसंच करायचो. नवीन शिडी आली की चढून एक उडी. किल्ल्या नाहीत माझ्याकडे, म्हणून खिशात दोन चमचे ठेवायचो. पोरं हसायची. ह्या वेळी नाही मारली. म्हटलं, तुम्ही मारलीच असेल."

मी मालकांच्या मुठीत होतो.

"तो लॉट मी चढलो नव्हतो," मालक म्हणाले.

दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य असं होतं, ज्यानंतर कुठे थांबायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले.

बायको दारात उभी होती. "आणि बाकीच्या शिड्या? त्या लॉटमधल्या?"

"दुकानांत गेल्या. बऱ्याचशा विकल्यासुद्धा गेल्या."

"म्हणजे आत्ता, ह्या घडीला, कुणीतरी वर उभा असेल!"

"वकील म्हणतात, तसं उघड बोलता येणार..."

"वकील नका सांगू मला! माफी पण नको तुमची. तिचं काय लोणचं घालू? एवढी माणसं ऐकतात ना तुमचं? पहाटे उठा म्हणून सांगता ना? मग आता खाली उतरा म्हणून सांगा!"

मालक बोळात आले. मला शर्टाच्या खिशात टाकलं, किल्ल्यांशेजारी. स्वतःचा फोन समोर धरून व्हिडिओ सुरू केला. ना दिवा, ना पडदा. "ऐकू येतंय का?" असंही विचारलं नाही. ते बोलले. कुठल्या लॉटची शिडी, खूण कुठे कोरली आहे, तो लॉट आपण तपासला नाही, व्हिडिओतली शिडी वेगळी होती. "कुणी वर असेल तर आत्ता खाली उतरा. हळू. कुणालातरी शिडी धरायला सांगा आणि उतरा." मधून खाटेची चाकं खडखडत गेली. शेवटी त्यांचा आवाज फुटला, पण त्यांनी तो तुकडा टाकून दिला नाही.

माझ्या मालकांचं सगळ्यांत महत्त्वाचं बोलणं असं माझ्याशिवाय झालं. मी खिशात होतो, एका कापडाच्या अंतरावर.

सगळं ठीक झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. वकिलांनी हात झटकले, बाई निघून गेल्या. यंत्रं पुन्हा झाकली गेली. पहाटेच्या व्हिडिओला जेवढी माणसं आली होती, त्याच्या पासंगालाही हा व्हिडिओ पुरला नाही. पुतणी दुकानादुकानांत फोन करत बसली, मालक स्वतः गाडी घेऊन दारोदार फिरले. शिड्या परत आल्या, पण सगळ्या नाही. काही अजून कुठेतरी, कुणाच्या तरी माळ्याला टेकलेल्या आहेत. रंगारी चाकांच्या खुर्चीत बसतो. त्याच्या घरी मालक अधूनमधून जातात. जाताना ते कॉलर चाचपून पाहतात, मी इथे खणात असलो तरी. फोन वाजला की त्यांचा श्वास अडकतो. तो मला इथपर्यंत ऐकू येतो.

शेडमध्ये एकच यंत्र चालू आहे. थोड्या शिड्या होतात. पण प्रत्येक वेळी गाडी निघण्याआधी पावलं वर चढताना ऐकू येतात, आणि मग किल्ल्या वाजतात. एका लॉटमधली एकच नाही. आता एकेक शिडी.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मोठा उद्योग उभाराल, आणि तुमच्याही कॉलरवर माझा एखादा भाऊबंद बसेल. त्याला स्वच्छ ठेवा, ओलाव्यापासून जपा. तो बिचारा खरं आणि खोटं सारख्याच इमानाने ऐकतो. त्याच्यात काय ओतायचं ते तुमच्या हाती. जे सांगाल त्यावर कुणीतरी पाय ठेवणार आहे. म्हणून आधी स्वतः चढून बघा.

आणि तुमच्या माळ्याला एखादी जुनी घडीची शिडी टेकलेली असेल, तर तिची बिजागरी आजच तपासा. आयुष्यभर मला एकच प्रश्न विचारला गेला. आज पहिल्यांदा तो मी विचारतो, आणि उत्तरासाठी थांबतो.

ऐकू येतंय का?