चिकट हात

मामाच्या डाव्या मनगटाला तिचं उजवं मनगट टेकलेलं होतं, आणि दोघांचे हात एकमेकांना न सोडता गोल फिरत होते. डोळे मिटलेले. समोरच्याचा जोर कुठून निघतोय ते कातडीनं ओळखायचं, आणि जागा मोकळी मिळाली की तळवा थेट त्याच्या छातीवर न्यायचा. ‘चिकट हात’ नावाची ही चिनी विद्या मामा तिला शाळेत असल्यापासून शिकवत होता. ऐकायला सोपी, करताना भल्याभल्यांना घाम फुटायचा.

मोकळी जागा आली. मामाच्या डाव्या हातातला जोर क्षणभर नाहीसाच झाला, आणि झोपेतून उठवल्यासारखा सावकाश परत आला. तिनं तळवा पुढे नेला नाही. जोर परत येईपर्यंत ती आपला हात तिथेच फिरवत राहिली.

मामाच्या चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत संध्याकाळी हा वर्ग भरायचा. ती मामा म्हणायची म्हणून सगळेच मामा म्हणायचे, आणि ‘एवढ्या लोकांनी मिळून एकाच माणसाला मामा बनवलेलं बघितलंय का कुठे,’ हा त्याचा ठरलेला विनोद होता. आज बँकवाले काका कौतुकानं म्हणाले, मामांचा डावा हात म्हणजे हल्ली नुसता कापूस. आहे की नाही तेच कळत नाही. स्कूलबस चालवणाऱ्यानं मान डोलावली. उभा जन्म घासल्यावर अशी नरमाई येते, यावर दोघांचं एकमत झालं.

त्यांचा तरी काय दोष? ते अजून ताकदीनं भांडत होते. स्वतःच्याच जोराच्या गोंगाटात त्यांना दुसऱ्याचं काय ऐकू येणार? तिला मात्र ते कौतुक ऐकवेना. ती पाणी प्यायला खिडकीशी गेली आणि तहान नसताना बराच वेळ पीत राहिली.

ती एका लॅबमध्ये रक्त काढायची. दिसत नसलेली शीर तिच्या बोटाला सापडायची. ते बोट मामानंच तयार केलेलं. पण सुई तिनं टोचायची आणि काय निघालं ते डॉक्टरांनी सांगायचं, असा तिथला शिरस्ता होता, आणि त्याच्या आड राहणं सोयीचं होतं. इथे आड कुणीच नव्हतं. मामा खाली भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचा. उजवा हात नुसता फिरवतो, काच धरतो तो डावा. तोच असा निकामी होत गेला तर मामाचं उरणार काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. म्हणून तिनं तिला जमण्यासारखं एकच केलं होतं. वर्गात मामाशी जोडी कायम आपलीच लावायची, आणि जागा मिळाली तरी आत जायचं नाही.

मंडळी गेल्यावर मामानं सतरंजीची एक बाजू उचलली, दुसरी तिनं. घडी घालून झाल्यावर त्यानं दोन्ही हात पुढे केले.

“ये. एकदा फिरवू.”

“दमला असशील मामा.”

“ये म्हटलं ना.”

तिनं मनगटं टेकवली. हात फिरायला लागले. थोड्या वेळानं डावीकडे पुन्हा तसंच झालं, आणि पुन्हा ती थांबली. मामानं डोळे उघडले.

“जागा मिळाली की काय करायचं?”

“आत जायचं.”

“आणि नाही गेलं तर?”

नाही गेलं तर ते जोडीदाराशी खोटं बोलणं, हे त्यानंच तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

“माझा हात मला काही बोलला नाही गं,” मामा म्हणाला. “तुझा बोलला. तू माझ्यासाठी थांबायला लागलीस, तेव्हा मला कळलं.”

ज्या हातानं ती एवढे दिवस त्याच्यापासून लपवत होती, त्याच हातावर त्याचं मनगट पहिल्यापासून टेकलेलं होतं. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही?

“मग बोलला का नाहीस?”

“तू इतकं जपून करत होतीस. म्हटलं, करू दे.” तो जरासा हसला. “आता नको जपूस. हात परत यायला किती उशीर होतो ते मला बघू दे. घाल हात.”

तिनं नको म्हणून मान हलवली. हात मात्र फिरतच होते. मामा काही सोडणार नव्हता. जोर गेला, तशी ती ओठ दाबून आत शिरली.

मामाचा हात वर आला. जिथे यायचा तिथेच, बरोबर तिच्या मनगटावर आला. पण तोवर तिचा तळवा त्याच्या छातीवर टेकला होता, आणि आता तो तिथे ठेवावा की काढावा, हे तिला काही केल्या कळेना.