चारुलताबाईंचं खोटं लंगडणं

मिल बंद झाली त्या वर्षी देवेंद्रराव सकाळी पेपर वाचत आणि दुपारी तोच पेपर पुन्हा वाचत. फोल्डिंग खात्यात, म्हणजे तयार कापडाच्या घड्या होतात तिथे, ते सुपरवायझर होते. आता घरातल्या टॉवेलांच्या घड्या मोडून परत घालायचे. चारुलताबाईंना ते बघवत नसे. त्यामुळे शेजारच्या यशोधराबाईंनी पोलोग्राउंडला, कारखान्यांच्या भागात, एरोबिक्सचा क्लास निघाल्याचं सांगितलं, तेव्हा एरोबिक्स म्हणजे काय हे न विचारताच त्या हो म्हणाल्या.

क्लास एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये होता. यंत्रं विकली गेली होती, जमिनीवर तेलाचे डाग तेवढे राहिले होते. शिकवणारी शर्वरी लग्न होऊन पुण्याहून आलेली, पंचविशीतली. तिने टेपरेकॉर्डर लावला आणि सगळ्या बायका उड्या मारू लागल्या. चारुलताबाईंनी लेकीचा जुना सलवार-सूट घातला होता. पदर नसल्यामुळे हातांचं काय करावं हेच त्यांना कळेना, मग त्यांनी ते शर्वरीसारखे हवेत फेकून दिले. उड्या झाल्या, उठाबशा झाल्या, आडवं पडून पाय उचलणं झालं. घरी येताना त्यांना आपण कॉलेजात असल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अंग जरा जड वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरायला विळीवर बसल्या आणि उठताच येईना. मांड्या भरून आल्या होत्या, पिंढऱ्यांना हात लाववत नव्हता. शेवटी त्यांनी नवऱ्याला हाक मारली. देवेंद्रराव पेपर घेऊनच आले.

"क्या हुआ? कुठे दुखतंय?"

"कुठे नाही दुखत ते विचारा, जल्दी होईल."

त्यांनी दोन्ही हात धरून ओढलं. बाई अर्ध्यावर आल्या आणि त्यांना हसू फुटलं. हसलं की पोट दुखायचं, पोट दुखलं की आणखी हसू यायचं. त्या मटकन खाली बसल्या आणि त्यांच्याबरोबर देवेंद्ररावही बसले, तेही हसायला लागले. मिलला कुलूप लागल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. यशोधराबाई काय झालं ते बघायला आल्या, पण त्यांनाही पायरी चढता येईना. त्या दारातच कठडा धरून उभ्या राहिल्या आणि तिथूनच हसल्या.

त्या दिवसापासून चारुलताबाईंची खात्री पटली. दुखलं म्हणजे लागू पडलं. सगळ्या क्लासचंच तसं मत होतं. शर्वरी यायच्या आधी बायका आपापली दुखणी सांगत आणि जिचं जास्त तिला मान. यशोधराबाईंना वेणी घालायला हात वर करता येत नव्हता, तर पूर्ण आठवडा त्यांना पंख्याखालची जागा मिळाली.

आणि मग, महिना भरत आला असेल, चारुलताबाई एका सकाळी उठल्या तर काहीच दुखत नव्हतं. मांड्या दाबून पाहिल्या, जिना दोनदा चढून पाहिला. काही नाही. त्यांना भलतीच लाज वाटली. सगळ्या मेहनत करतात आणि आपण नुसतं टाइमपास करतो की काय. त्या दिवशी क्लासला त्या थोडं लंगडत गेल्या. बायकांनी लगेच सतरंजीची घडी बसायला दिली. मग लंगडणं घरीही सुरू झालं. उठताना आई गं, बसताना आई गं.

देवेंद्ररावांनी चार दिवस बघितलं. मग चहा पिता पिता म्हणाले, "चारू, सकाळी उजवा पाय दुखत होता. आता डावा?"

बाईंनी पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय निमूट होते. त्यांनी सगळं कबूल केलं आणि बशीतला चहा सांडेपर्यंत दोघं हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्वरीला बाजूला घेऊन तक्रार केली, की तुझा क्लास आता लागू पडत नाही. शर्वरीने नीट ऐकून घेतलं.

"काकू, दुखतं ते अंगाला नवीन असतं म्हणून. सवय झाली की थांबतं. व्यायामाचं मोजमाप दुखण्यावर नसतं."

"मग कशावर?"

"आधी जमत नव्हतं ते आता काय जमतं, ते बघा ना."

पोरगी गोड होती, पण बाईंना पटलं नाही. त्यांनी घरीच दार लावून दुप्पट उठाबशा काढल्या, वर रागाने आणखी काढल्या. परिणाम छान झाला. त्यानंतर आठवडाभर त्या क्लासला जाऊच शकल्या नाहीत. भिंत धरून चालत होत्या, दुखणं अगदी उच्च प्रतीचं होतं आणि व्यायाम शून्य. पडल्या पडल्या त्यांना पहिल्यांदा शंका आली की शर्वरी म्हणते त्यात काही असेल.

तेवढ्यात गणपती आले. मिल बंद असली तरी विसर्जनाच्या मिरवणुकीत मिलची झांकी निघणारच, असं कामगारांनी ठरवलं होतं. पैसा गोळा केला, ट्रॉलीवर मोठा देखावा उभा केला. देवेंद्ररावांना टॉवेल सोडून दुसरं काम मिळालं, ते पडद्यांच्या घड्या बघत होते. अनंत चतुर्दशीच्या दुपारी झांकी मिलच्या आवारातून बाहेर काढायची, तर ट्रॉलीची चाकं चिखलात रुतली. ट्रॅक्टर नुसता धूर सोडत होता. पुरुषांनी धक्का मारला, ट्रॉली हलली नाही. झांकी बघायला आलेल्या बायका फाटकाशी उभ्या होत्या, त्यात अर्धा क्लास होता.

चारुलताबाईंनी चपला काढल्या. पदर खोचला. यशोधराबाईही आल्या, मग बाकीच्या. कुणीतरी म्हणालं, भाभीजी, राहू द्या. बाईंनी ऐकलं नाही. नवऱ्याच्या शेजारी जागा करून घेतली, गुडघे वाकवले, उठाबशीत बसतात तशा खाली गेल्या, खांदा लावला आणि मांड्यांनी जोर केला. पाठीने नाही, मांड्यांनी. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. जमिनीतून काहीतरी वर चढत होतं आणि ते संपत नव्हतं. ट्रॉली करकरली, डुलली आणि एकदम सुटली. देवेंद्रराव चिखलात तोंडावर पडले. बाई उभ्याच राहिल्या.

तिसऱ्या दिवशी मिलचे सगळे धक्का मारणारे आडवे होते. देवेंद्ररावांना खुर्चीतून उठवायला बाईंनी एका हाताने ओढलं.

"किती जोर लावला असेल मी," ते कण्हत पण अभिमानाने म्हणाले. "बघ, अंग अंग बोलतंय."

"मी तुमच्याच बाजूला होते."

"मग तुझं दुखत नाही?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या आणि तसं सांगताना त्यांना जरासुद्धा लाज वाटली नाही. उलट त्या उगाच एकदा खाली बसून उठून दाखवून आल्या.

मग देवेंद्ररावांनी विचारलं, की त्या मुलीच्या क्लासात पुरुषांना घेतात का. शर्वरीने आधी नाही म्हटलं, मग बायकांनी मत दिलं आणि तिचा नाइलाज झाला. पुढच्या सोमवारी देवेंद्रराव मिलचा खाकी पायजमा घालून आले, सोबत विणाई खात्यातले तिघे. त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. टेप सुरू झाली, शर्वरी म्हणाली, मागे वळा. बायका वळल्या, पुरुष वळायचे राहिले. चारुलताबाई आणि देवेंद्रराव हातभर अंतरावर समोरासमोर आले आणि मग दोघांपैकी कुणीच वळलं नाही, तसेच उड्या मारत राहिले.