हिरवा दिवा

शरदाचं ऊन हर्णैच्या बंदरावर उतरलं होतं. सोनसळी, शांत, निर्लज्ज. आठवड्यापूर्वी ज्या समुद्राने हरेश्वर तांडेलला गिळलं, तोच आता नांगरलेल्या होड्यांना मांडीवरच्या लेकरासारखा डोलवत होता.

ऋजुता गोगटे पुण्याहून आली होती. हरेश्वरच्या होडीवरचं, संकटात हाक मारणारं बिनतारी यंत्र तिने घडवलेलं होतं. हाकेला बळ देणारा अ‍ॅम्प्लिफायर एरवी वेगळा, दणकट असतो. तिने तो सिलिकॉनच्या त्याच इवल्याशा चिपमध्ये, विचार करणाऱ्या विद्युत-मंडलांच्या कुशीत, कोंदणात हिरा बसवावा तसा बसवला. केवढा अभिमान होता तिला त्याचा!

प्रयोगशाळेत अँटेनाच्या जागी एक निमूट भार जोडतात. तो सारी शक्ती पिऊन टाकतो, काही परत करत नाही. तिथे चिप कधी हरली नाही. पण त्या वादळात खाऱ्या पाण्याने निथळणाऱ्या अँटेनाने हाक उलटी फेकली, आणि सिलिकॉनच्या तलम भिंती जळाल्या. काठाला लागलेलं यंत्र उघडून ऋजुताने तो काळा व्रण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. बाकी चिप जिवंत होती. त्या चिपनेच हाकेची आज्ञा दिली होती, आणि आज्ञा दिली म्हणून हिरवा दिवा लावला होता. हाक खरंच निघाली का, हे पाहणारं मंडल ऋजुतानेच जागा वाचवायला काढून टाकलं होतं.

हरेश्वरच्या घराच्या ओसरीवर त्याचा थोरला भाऊ काशिनाथ जाळं विणत होता. त्या होडीतून तो एकटाच वाचला होता.

"किनारा दिसत व्हता, ताई. पवून आलो असतो दोघं. पन हरेश्वर बोलला, दादा, हिरवा दिवा लागला, आता गस्तीची बोट येल. म्हनून थांबलो." त्याने वर पाहिलं. "मंग बोट का नाय आली?"

ऋजुता त्याच्यासमोर खाली बसली. "हाक गेलीच नाही, काका. दिवा खोटा होता. चूक माझी आहे."

जाळ्यातली बोटं थिजली. मग दाराकडे पाहत तो हलकेच म्हणाला, "चंपाला सांगू नको. गस्तवाल्यांना शिव्या घालते, तवा कुठं घास उतरतो तिचा."

हरेश्वरची चंपा चहा घेऊन बाहेर आली. मोकळं कपाळ, मोकळे हात.

"तुमच्या यंत्रानं हाक मारली, ताई. ऐकनारेच बहिरे निघाले."

"हो," ऋजुता म्हणाली.

चहा गोड होता. फार गोड होता. आणि तिने तो, घोट घोट, सगळा संपवला.