परमिट रूमच्या मागचा झोपाळा

मित्रांनो, मी झोपाळा. वय झालंय माझं, पण मोडका म्हणालात तर राग येईल, आधीच सांगून ठेवतो. अस्सल सागाचा पाट आहे. चार मोठी माणसं बसली तरी हूं की चूं करत नाही. वेवजी गावच्या शुक्रा सुताराने मला घडवलं. रंधा मारून झाल्यावर त्याने माझ्या चारही कडा पुन्हा घासून गोल केल्या आणि आपल्याशीच म्हणाला, ‘पोरां बसतील, मांडीला लागाया नको.’ म्हणजे बघा, मी मुलांसाठीच जन्माला आलो. कुणी काहीही म्हणो.

माझं पहिलं घर घोलवडला. प्रभाताई शाळेत शिकवायच्या आणि त्यांचे यजमान वासुदेवराव रेल्वेत होते. त्यांच्या ओटीवर मी टांगलेला असायचो. संध्याकाळी आळीतली पोरं माझ्यावर दाटीवाटीने बसून पाढे म्हणायची, आणि ज्याचा पाढा चुकेल त्याने उतरून बाकीच्यांना झोका द्यायचा, असा प्रभाताईंचा नियम होता. वासुदेवराव ड्यूटीवरून आले की बूट न काढता थेट माझ्यावर येऊन बसायचे. ‘अहो, बूट!’ असं प्रभाताई आतून ओरडायच्या, त्यांना दिसलेलंही नसायचं. मला फार मजा वाटायची. माझ्यावर किती मुलं निजली, किती चिकू खाल्ले गेले आणि त्यांचा चीक माझ्या अंगाला किती लागला, याचा हिशेबच नाही.

मग ती दोघं म्हातारी झाली आणि डहाणूला स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे गॅलरी एवढीशी, दोन कुंड्या ठेवल्या की संपली. मला कुठे टांगणार? प्रभाताई माझ्यावरून हात फिरवून रडल्या आणि मला विकत घ्यायला आलेल्या नविनशेठला म्हणाल्या, ‘हॉटेलात नेताय ना? म्हणजे मुलं येतील. बरं झालं.’

मलाही बरं वाटलं. हॉटेल म्हणजे वडा, चहा, शिरा, असं मी समजत होतो. कसलं काय! डहाणू-घोलवड रस्त्याला चिकूच्या वाडीत नविनशेठचं गार्डन रेस्टॉरंट होतं, आणि त्याला लागूनच परमिट रूम. झाडांखाली टेबलं, टेबलांवर बाटल्या. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘फॅमिलीसाठी खास सोय’. ती खास सोय म्हणजे मी.

मला लोखंडी चौकटीला टांगताना नविनशेठ आपल्या वेटरला, लहान्याला, म्हणाला, ‘अरे लहान्या, पोरगा खेळेल तर बाप निवांत बसेल. बाप बसेल तर ऑर्डर येत राहील. समजला काय?’ लहान्या हसला. मला मात्र समजलं आणि फार वाईट वाटलं. मुलांना खेळता यावं म्हणून मला आणलेलंच नव्हतं. मोठ्यांना जास्त वेळ बसता यावं म्हणून आणलं होतं.

आता खोटं कशाला बोलू? इथे येणारी सगळीच माणसं वाईट असतात असं नाही. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे रविवारी उंबरगावकडून गाड्या येतात. त्यात एक जोडपं नेहमी यायचं. त्यांची मुलगी प्रगती, दात पडलेली, बडबडी. आई जेवण सांगायची, वडील एखादा ग्लास घ्यायचे आणि तो हातात घेऊनच मला झोका द्यायला यायचे. परत जाताना गाडी आईच चालवायची. मासे, भात, आइस्क्रीम, दमेपर्यंत झोके, आणि उजेडात घरी. प्रगती जाताना मला ‘आवजो’ म्हणायची. या लोकांना मी काय नावं ठेवू? मला नाही ठेवता येत.

पण सोनलचं तसं नव्हतं.

सोनल तिसरीतली. तिचे वडील शैलेश डहाणूला सरकारी कचेरीत नोकरीला, आई स्वप्ना दवाखान्यात नर्स. आईची दुपारपाळी असली की शैलेश क्लासवरून सोनलला घ्यायचा आणि स्कूटर थेट इकडे वळवायचा. लहान्याने एकदा सहज विचारलं, ‘साहेब, बेबीला रोज आणता?’ तेव्हा तो म्हणाला, ‘घरी एकटी ठेवण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेली बरी ना!’ आणि तो मनापासून म्हणत होता, बरं का. बाप वाईट नव्हता. तिचं दप्तर तोच उचलायचा, मेणाचे खडू तिच्या आवडीचे आणायचा, लिंबू सरबतात बर्फ घालू नका म्हणून लहान्याला बजावायचा.

पहिल्या दिवशी तर त्याने तिला इतके उंच झोके दिले की तिच्या चपला उडून चिकूच्या झाडाखाली पडल्या. दोघंही हसत होती आणि त्यांच्यापेक्षा जास्त मी. मग हळूहळू झोके कमी झाले. आधी दोन ग्लासांच्या मध्ये एकदा यायचा. नंतर टेबलावरूनच हात करायचा. ‘सोनू, खेळ ना तू. पप्पा दहा मिनिटांत येतात.’ सोनल एका पायाने जमिनीला रेटा देत स्वतःच झुलायची. तेवढं झुलणं म्हणजे मला काहीच नाही हो. मी जागचा हललोसुद्धा नसेन.

एकदा प्रगती आलेली होती तेव्हा दोघी माझ्यावर बसून पप्पा-पप्पा खेळल्या. सोनल पप्पा झाली. तिने स्टीलच्या ग्लासात पाणी ओतलं, घोट घेतला, डोळे मिटून ‘हा...’ केलं आणि प्रगतीचा गाल ओढून म्हणाली, ‘आता लास्ट हं बेटा, देवाशप्पथ लास्ट.’ प्रगती खो खो हसली. तिला वाटलं, काय नक्कल करते ही! मला मात्र हसू आलं नाही.

सोनलला एक गोष्ट चांगली कळली होती. पहिल्या बाटलीपर्यंत पप्पा कचेरीतून आलेले पप्पा असतात, दमलेले, नाही म्हणणारे. दुसरीनंतर ते फार प्रेमळ होतात आणि सगळ्याला हो म्हणतात. म्हणून ती आपल्या मागण्या जपून ठेवायची आणि बरोबर तेव्हा उतरून टेबलाशी जायची. रंगपेटी? हो. मांजर पाळू? हो. उद्या पारनाक्याला समुद्रावर? हो हो, माझी राणी ती! ती उड्या मारत माझ्याकडे यायची आणि मला सगळं सांगायची. दुसऱ्या दिवशी पप्पांना काहीच आठवायचं नाही. मग तिने मागायचंच सोडून दिलं, आणि नुसती बसायला लागली.

आईला काय सांगायचं, हेही ठरलेलं होतं. ‘आम्ही झोपाळ्यावर गेलो होतो.’ आणि ते खरंच होतं की! माझं नाव पुढे केलं की बाकीचं काही विचारायला जागा उरायची नाही. मला याचा भारी संताप यायचा. मी लाकडाचा असलो म्हणून काय झालं, माझं काही नाव आहे की नाही?

आणि एक दिवस कहर झाला. सोनल आली ती कोपरापासून मनगटापर्यंत पांढरी पट्टी बांधून. गालावर खरचटलेलं. लहान्या घाबरून धावत आला. शैलेश खाली बघत पुटपुटला, ‘परवा जाताना वळणावर गाडी जरा स्लिप झाली. थोडक्यात निभावलं. घरी हिच्या आईला सांगितलंय, झोपाळ्यावरून पडली म्हणून. तू काही बोलू नको हं.’

झोपाळ्यावरून! अरे, शुक्राने ज्याच्या कडा गोल केल्या, ज्याच्यावर आळीतली सगळी पोरं उलटीसुलटी लोंबकळली, त्या माझ्यावरून आजवर एकही मूल खाली पडलेलं नाही. तोंड असतं तर तिथल्या तिथे ओरडलो असतो. पण माझा राग राहू द्या. मला सोनलच्या काळजीने धडकी भरली होती. आता पुन्हा हा पिणार, पुन्हा तिला मागे बसवणार, पुन्हा तेच वळण. तिचा पट्टीचा हात माझी साखळी घट्ट धरून होता.

लहान्याने बाटली आणून ठेवली. उघडणार, इतक्यात सोनल माझ्यावरून उतरली आणि थेट टेबलाशी गेली. पूर्वी ती दुसऱ्या बाटलीनंतर जायची. त्या दिवशी आधी गेली.

‘पप्पा, थांबा. आधी माझं ऐका.’

‘काय पाहिजे सोनू? सरबत?’

‘नको. आईला खरं सांगा. मी झोपाळ्यावरून नाही पडले. झोपाळ्याने काहीच नाही केलं.’

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं मी मुलांना सांभाळलं, पण माझी बाजू घेऊन आजवर कुणी बोललं नव्हतं.

शैलेशने इकडेतिकडे बघितलं. ‘अगं हळू. बोलू नंतर. घरी गेल्यावर बोलू, प्रॉमिस.’

‘नंतर नको.’ ती हटली नाही. ‘नंतर तुम्ही सगळ्याला हो म्हणता. मला ते हो नको. आत्ता सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, पण आत्ताचे पप्पा पाहिजेत. मला गाडीवर भीती वाटते. तुम्ही डुलता ना, तेव्हा मी मागून तुमचा शर्ट धरते आणि गाणी म्हणते, म्हणजे तुम्ही जागे राहाल.’

 रोज संध्याकाळी आपली लेक मागे बसून मजेत गाते, असंच शैलेश समजत होता. घरी, कचेरीत कौतुकाने सांगतही असेल. त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याचीही दया आली. लहान्या बाटली उघडायची किल्ली हातात धरून तसाच उभा होता. शेवटी तोच हलक्या आवाजात म्हणाला, ‘साहेब, परत नेऊ?’ शैलेशने मानेनेच हो म्हटलं.

मग तो उठून माझ्याकडे आला आणि सोनलला शेजारी घेऊन माझ्यावर बसला. इतके दिवस येत होता, पण बसला त्या दिवशी पहिल्यांदा. खिशातून फोन काढला.  बराच वेळ नुसता फोनकडे बघत राहिला, मग लावला.

‘स्वप्ना, ड्यूटीवर आहेस माहितीये. दोन मिनिटं ऐक.’ त्याने सोनलकडे बघितलं. ‘सोनू झोपाळ्यावरून पडली नव्हती. गाडीवरून पडली. मी प्यायलो होतो. मीच पाडलं तिला.’

 मग स्वप्ना बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण शैलेश नुसता ‘हो’, ‘हो’ करत होता आणि डोळे पुसत होता. ते ‘हो’ सोनल नीट कान देऊन ऐकत होती. थोड्या वेळाने तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्याने पायाने हळूच रेटा दिला आणि मी दोघांना घेऊन झुलायला लागलो. मग अंधार पडायच्या आत ती दोघं घरी गेली.

त्यानंतर सोनल आली नाही. मी रोज क्लास सुटायच्या वेळेला फाटकाकडे बघायचो, आणि ती नाही दिसली की हायसं वाटायचं. आठवण यायची, नाही असं नाही. फार यायची.

पुढे चिकूचा हंगाम संपता संपता एका संध्याकाळी शैलेश आला. कचेरीतल्या मित्राबरोबर, रिक्षाने. लहान्याने ओळखीचं हसून विचारलं, ‘बेबी नाय आली?’

‘नाही रे. ती आईबरोबर घरी आहे. इथे तिला नाही आणणार आता.’ एकच ग्लास घेऊन, जेवून ती माणसं लवकर उठली. बाप माणूस आहे, देव नाही. त्याने बसावं की बसू नये, ते त्याचं तो आणि स्वप्ना बघतील. मी झोपाळा, मला मुलांपुरतंच कळतं.

तेवढं मात्र मला पक्कं कळतं, म्हणून सांगतो. मित्रांनो, तुम्हाला कुणी अशा ठिकाणी आणून बसवलं आणि भीती वाटली, तर सोनलसारखं बोला. ग्लास भरायच्या आधी बोला. आणि तुमच्या आईवडिलांना या म्हाताऱ्याचा निरोप द्या. मुलांना जेवायला आणा, झोके द्या, उजेडात घरी न्या, मी हात जोडून स्वागत करीन. पण तुमचं संपेपर्यंत त्यांना माझ्यावर बसवून ठेवू नका. चार मोठी माणसं मी हसत पेलतो हो, पण वाट बघत बसलेलं एक मूल मला पेलवत नाही.