हवा भरून घेतलेलं माप

आमच्या ह्यांना मोजायची खोड आहे. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले, पण जाडी मोजायचा व्हर्निअर काही खिशातून सुटला नाही. दाराची फट मोजतात, टेबलाचे पाय मोजतात, माझ्या चष्म्याची काडीसुद्धा एकदा मोजून झालीय. आणि त्या व्हर्निअरला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी एकदा त्यानं पाकीट फोडलं होतं, तर दोन दिवस अबोला.

अशा माणसाला मी सायकलवर कॅरिअर बसवायला सांगितलं, आणि एकोणीस दिवस झाले तरी ते बसेना. आता बोला!

मला घाई होती ती उगाच नव्हती. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून उभी राहिले, त्यात गुडघे गेलेत. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "सायकल चालवायची हौस असेल तर यंदाच भागवून घ्या." म्हणून आम्ही चार मैत्रिणींनी नदीच्या काठाकाठानं अठरा दिवस जायचं ठरवलं. शनिवारी सकाळी सहाला निघायचं. आमच्या म्होरक्या बाईला सगळ्या घंटी म्हणतात, कारण रस्ता रिकामा असला तरी ती घंटी वाजवते. तिनं बजावलं होतं, "पाठीवर पिशव्या घेऊन आलीस तर परत पाठवीन. तुझी कंबर मला माहितीय." म्हणजे कॅरिअर नाही तर जाणं नाही, आणि यंदा नाही तर कधीच नाही.

घोडं पेंड खात होतं टायरपाशी. कच्च्या रस्त्यासाठी मी मुद्दाम जाड टायर घेतले होते, चांगले साठ मिलिमीटरचे. कॅरिअर मिळालं ते बारीक टायरच्या सायकलचं. त्याचे दोन्ही पाय टायरला चिकटायचे. दुकानदार म्हणाला, दुसरं मागवतो. हे म्हणाले, "कशाला? मी आहे ना!" तिथंच मी फसले.

पहिला आठवडा कागदावर आकृती काढण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी त्या आकृतीतल्या चुका काढल्या. कारखाना सुटल्यापासून दुसऱ्या कोणाच्या काढायला मिळत नाहीत ना! मग मागच्या खोलीतल्या छोट्या लेथवर ॲल्युमिनियमच्या नळ्या कापल्या. त्या कॅरिअरचे पाय आणि सायकलची फ्रेम यांच्यामध्ये घालायच्या, म्हणजे पाय बाहेर सरकतात. मी दारात उभी राहून विचारायचे, "अहो, विमान बनवताय का?" ते म्हणायचे, "विमान सोपं असतं. त्यात तू बसणार नसतेस."

गुरुवारी एकदाचं बसलं. दोन्ही बाजूंच्या पिशव्या भरून अडकवल्या आणि मी गल्लीच्या टोकापर्यंत निघाले. दहा पावलं गेले नसेन, तोच मागून आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, खर्र. चाळीस वर्षं शेजारी ऐकलेलं घोरणं आता सायकललाही लागलं म्हणायचं!

"घासतंय की हो," मी परत येऊन म्हटलं.

"नवं आहे. घासून घासून जागा होईल."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बिजागरी कुरकुरली तर जेवणावरून उठून तेल घालणारा हा माणूस. घासून घासून जागा होईल?

शुक्रवारी सकाळी ते अंघोळीला गेले आणि मी त्यांच्या खिशातून व्हर्निअर काढला. टायर मोजला, एकसष्ट भरला. त्यांच्या आकृतीत टायर लिहिला होता चोपन्न. आणि मला एकदम आठवलं. जाड टायर ब्रेकच्या दोन रबरांमधून निघत नाही, म्हणून चाक काढताना त्यांनी हवा सोडली होती. चाक परत लावलं, ते तसंच. मग मापं घेतली ती सगळी त्या पडलेल्या टायरची! लोखंडात आयुष्य गेलेला माणूस. लोखंड काही फुगत नाही.

हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, तर मी सायकलपाशी व्हर्निअर धरून उभी. त्यांनी आधी व्हर्निअर पाहिला, मग माझं तोंड. ओरडले नाहीत. तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

"हवा न भरता मोजलंत?"

"हो."

"मुद्दाम?"

"छे! मुद्दाम चुकीचं मोजेन का मी?" हे मात्र लागलं त्यांना. मग टॉवेलची दशी ओढत म्हणाले, "चूक चुकूनच झाली. पण मंगळवारी हवा भरली तेव्हाच कळली."

"मग बोलला का नाहीत? तीन दिवस!"

"शनिवार निघून जाईल म्हटलं."

असा संताप आला मला! सगळं आयुष्य रात्रपाळ्या केल्या, एकदा म्हणून कुठं जाते म्हटलं, तर हा माणूस ताकास तूर लागू न देता कॅलेंडरकडे बघत बसलेला. मी पाना उचलला आणि नट सोडवायला बसले. उलट्या बाजूनं फिरवत होते, ते बघवलं नाही त्यांना. शेजारी येऊन बसले.

"अठरा दिवस गं," ते नटाकडे बघत म्हणाले. "तू रात्रपाळीला जायचीस तेव्हासुद्धा सकाळी यायचीस. मला हे घर रिकामं माहीतच नाही. भीती वाटते."

राग होताच. तरी मी पाना त्यांच्या हातात दिला.

"हे बघा," मी म्हटलं, "गेले तर अठरा दिवस त्रास. नाही गेले तर जन्मभर रोज सकाळी ऐकवीन. मोजा आणि ठरवा."

ते हसले. लेथ सुरू झाला तो संध्याकाळी चारला थांबला. नव्या नळ्या, लांब बोल्ट, कॅरिअर थोडं वर, थोडं मागं, म्हणजे पायडल मारताना टाच पिशवीला लागू नये. या वेळी हवा भरून मोजलं, पिशव्या अडकवून मोजलं, मला सीटवर बसवून मोजलं. मी भिंतीला धरून बसलेली आणि हे खाली आडवे पडलेले. "श्वास सोड, वजन बदलतंय," म्हणे! शेवटी टायर आणि कॅरिअरमध्ये सगळीकडून अकरा मिलिमीटर भरलं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, आवाज म्हणून नाही.

शनिवारी हे दारात आले. टायर दाबून पाहिला. घंटीनं घंटी वाजवली आणि आम्ही निघालो.

पहिल्या मुक्कामी पिशवीत साबण शोधताना हाताला काहीतरी गार लागलं. माझ्या मोज्यात गुंडाळलेला व्हर्निअर! सोबत चिठ्ठी होती. 'रोज संध्याकाळी टायर-कॅरिअरमधले अंतर मोजून फोनवर सांगणे. परत आणून देणे.'

मग रोज फोन. "अकरा," मी सांगायचे. "हवा भरून ना?" ते विचारायचे. आमच्या घंटीला वाटायचं, ही औषधाची वेळ सांगतेय.

सहाव्या दिवशी मला लहर आली. म्हटलं, "दहा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कुठं आहेस? गाव सांग. मी निघतो."

"अहो, थट्टा! अकराच आहे."

खुर्ची परत सरकली. मला वाटलं आता चिडणार, आणि चिडायला हवंच होतं.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षं हा प्रश्न मी त्यांना विचारला होता. त्यांनी मला विचारल्याचं आठवत नाही. मी जेवले नव्हते, तरी हो म्हणाले, आणि फोन ठेवून उगीचच पुन्हा एकदा मोजायला गेले.